आक्काची फुंकर

९ मार्च, रविवार. मिरच्यांची देठं खुडायला बसले आहे. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. कडक उन्हात वाळल्यात, हातात घेतल्या की कुडकुडतात. या आठवड्यात कांडून आणल्या की वर्षाच्या चटणीची काळजी मिटली. नाकातोंडाला जुना पंचा बांधलाय, तरी शिंका यायच्या त्या येतातच. आधी शिंका, मग डोळ्यांना पाणी, मग घशात खवखव, मग खोकला. दरवर्षी हा क्रम ठरलेला.

मी शिंक दाबत नाही. निपाणीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, तिथं पोरं तास चालू असताना नाक चिमटीत धरून लालबुंद होतात. त्यांना सांगते, दाबू नका, कोपरात शिंका. शरीर काहीतरी बाहेर टाकतंय, तुम्ही कशाला आडवे येता? मिरचीचा कण असो की जंतू, नाकाला त्याच्याशी देणंघेणं नाही. परकं आलं की हाकलायचं, चौकशी नंतर. माझाही स्वभाव असाच आहे असं घरचे म्हणतात.

समोर आक्का बसली आहे. आक्का माझी थोरली बहीण आणि जाऊसुद्धा. आम्हां दोघींना बेळगुंदीहून निपाणीच्या एकाच घरात दिलं, दोन सख्ख्या भावांना. पुढं घरं वेगळी झाली, अंगण एकच राहिलं. माझ्या शिंकांवर शिंका चालल्यात आणि आक्का शांतपणे देठं खुडते आहे. निम्मं आयुष्य तिनं तंबाखूच्या वखारीत चाळण मारण्यात घालवलं. "माझं नाक कवाच मेलंय," असं ती सांगते, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही.

आतून बाळ रडलं. आक्काची सून सुमन हिचं दुसरं मूल, मुलगी, नुकता सव्वा महिना झाला.

"ऊठ गं," आक्का मला म्हणाली, "पाणी तापलंय."

"तू ऊठ की. नात तुझी हाय."

"माझं गुडघं धरल्यात."

काल याच गुडघ्यांनी ती शिडी चढून माळवदावर सांडगे घालून आली होती.  हात तीनतीनदा साबणानं धुतले, तेल चोळलं, परत धुतले, मिरचीची आग गेली का ते आधी स्वतःच्या ओठाला लावून बघितलं, आणि न्हाणीत जाऊन पाटावर पाय पसरून बसले. सुमननं बाळ माझ्या पायांवर दिलं. मला हे काम येत नाही. माझी दोन्ही मुलं आक्कानं न्हाऊ घातली, मी तेव्हा बी.एड.च्या परीक्षेला बसले होते. बाळ पायावरून निसटतं, मी घाबरते, बाळाला ते कळतं आणि ते जास्त रडतं.

अंगणातून सूचना चालू होत्या. "मान धर! मान धर तिची! अगं पोरगी हाय ती, काकडी धुतल्यागत काय करालीस? तेल टाळूवर आदी. टाळूवर! पाठीवर न्हवं!"

"मग ये की आत!" मी ओरडले.

त्यावर अंगणात नुसत्या मिरच्या वाजल्या.

रोज हेच चाललं आहे. बाळ झाल्यापासून आक्कानं त्याला एकदाही पायावर घेतलेलं नाही. लांबून बघते, रडलं की सुमनला हाक मारते, झोळीची दोरी ओढते, पण तीही दाराबाहेर बसून. ज्या बाईनं आमच्या अख्ख्या गल्लीतली पोरं न्हाऊ घातली तिनं नातीला हात लावू नये, याचा अर्थ गल्लीनं आपापला काढलाय. शेजारच्या बाईनं तर सुमनला नळावर गाठून सांगितलं, "पोरगी झाली न्हवं, म्हून. पयल्या बारीला पोरगा हुता तवा कशी भल्या पाटं उठून बसायची?" सुमन हे मला सांगताना रडली नाही, पण त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरतंच बोलते. आणि आक्काला हे सगळं माहीत आहे. गल्लीत काय चाललंय ते तिला माहीत नाही असं होत नाही. बोल लागला तरी ती खुलासा करत नाही, हे मला विचित्र वाटत होतं.

आक्काचं न्हाऊ घालणं बघण्यासारखं असायचं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती पाय पसरायची, पोर नडगीवर पालथं. तेल, डाळीचं पीठ, कढत पाण्याची धार पाठीच्या कण्यावरून बरोबर खाली. रडणारं पोर धारेखाली गप्प व्हायचं. शेवटी उताणं करून फुंकर. टाळूवर एक, दोन्ही कानांत एकेक, नाकपुड्यांवर एक. पाणी राहू नये म्हणून, आणि दृष्ट लागू नये म्हणूनही. ही दोन कारणं आमच्याकडे कुणी वेगळी करत नाही. शेवटची फुंकर तोंडावर. पोर श्वास रोखायचं, डोळे मोठे करायचं आणि जांभई द्यायचं. मग फडक्यात गुंडाळून धुरी. माझा थोरला आता इंजिनियर झालाय, त्याच्या नाकावरही हीच फुंकर बसलेली आहे.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च आठवतो तो या फुंकरीमुळं.

निपाणीत या दिवसांत हवेला तंबाखूचा वास असतो. बाहेरून आलेला माणूस स्टँडवर उतरला की पहिल्यांदा नाक पुसतो. आम्हाला वास येत नाही. तसाच खोकलाही ऐकू येत नाही. वखारीत चाळण्या फिरू लागल्या की तिथल्या बायका खोकतात, त्या हंगाम संपेपर्यंत खोकतात. घरोघरी पहाटे चूल पेटते आणि खोकला सुरू होतो, कोंबड्यासारखा. वखारीत नवीन आलेली पोरगी पहिल्या आठवड्यात ओकते, चक्कर येऊन पडते. जुन्या बायका हसतात. "हुईल पक्की," म्हणतात. खरंच ती महिन्याभरात ओकायची थांबते. पक्कं झालं म्हणजे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

मी शिकवते म्हणून मला ठाऊक आहे. श्वासनळीच्या आतून अगदी बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सगळे मिळून एकाच दिशेला हलतात, वरच्या दिशेला. त्यांच्यावर चिकट पातळ थर असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, परागकण, जंतू त्या थराला चिकटतात आणि तंतू ते हळूहळू वर ढकलत घशापर्यंत आणतात. आपण खाकरतो किंवा नकळत गिळून टाकतो. गिळलेलं जठरातल्या आम्लात मरतं. दिवसरात्र हे झाडणं चालू असतं. वखारीतल्या धुळीत हे तंतू दमतात, काही गळून जातात. मग झाडायचं राहिलेलं काम खोकल्याला करावं लागतं. आमच्याकडे याला पक्कं होणं म्हणतात.

पाठ्यपुस्तकात या धड्याला सैनिकांची चित्रं असतात. पांढऱ्या पेशींच्या हातात ढाल-तलवार, जंतूंना शिंगं. मला ती पटत नाहीत. शरीर मला एखाद्या कडक बाईनं चालवलेल्या घरासारखं दिसतं. झाडायचं, गाळायचं, उकळायचं, झाकायचं, आणि जे बाहेर टाकता येत नाही ते कोनाड्यात कोंडून वर दगड ठेवायचा. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, हे आमच्या बेळगुंदीच्या शेतात काम करणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. तिला एवढंच माहीत नसतं की ती गाठ म्हणजे गाळणं आहे. पायातली घाण वर जाऊ नये म्हणून तिथं अडवून धरली आहे. ताप म्हणजेही शरीरानं स्वतःच चुलीत सारलेली लाकडं. थोड्या जास्त उबेत जंतूंना वाढायला जड जातं. मी घरात ताप आला की लगेच गोळी देत नाही. आधी मोजते, पाणी पाजते, बघते. मुलं लहानपणी याला आईचा निर्दयपणा म्हणायची.

त्या वर्षी सुमनचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन तिच्या माहेराहून आला होता. आक्का पहाटे त्याला न्हाऊ घालायची आणि मग वखारीत जायची. आक्काचे यजमान, आमचे थोरले भाऊजी, वर्षभरापूर्वी वारले होते. तेव्हापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं, त्यात सोमवार, शनिवार, संकष्टी. अंगावरचं लुगडं दोन वेढे जास्त घेऊ लागलं होतं. खोकत होती, पण सगळेच खोकत होते.

मार्चअखेर बेळगुंदीला भावाकडं वास्तुशांत होती. मला शाळा सोडता येईना. आक्का चार दिवस आधी गेली आणि नंतरही राहिली. बेळगुंदीची हवा वेगळी. पश्चिमेकडून वारा येतो, शेतात रताळ्याचे वेल, काजूला मोहोर. तिथं खोकला नुसता खोकला म्हणून ऐकू येतो. आठवड्यानं वहिनीचा मला फोन आला.

"आक्कांस्नी दवाखान्यात दावलंय का तुमी?"

"कशाला?"

"अवो, हितं ना धूळ, ना तंबाखू. तरीबी पाटंपास्नं खोकाल्यात. सांच्याला अंग कडाडून तापतंय. मी इचारलं तर म्हणत्यात, हंगामाचा खोकला हाय, हंगाम सरला की जातोय. वन्सं, हंगाम तिकडं निपाणीत ऱ्हायला की!"

हे वहिनीचं वाक्य मी वर्गात पुष्कळदा सांगितलं आहे. वखार सोडून आली तरी खोकला बरोबर आला, एवढी साधी गोष्ट. पण ती बघायला निपाणीच्या बाहेर उभं राहावं लागलं.

आक्का परत आली त्या दिवशी मी तिला अंगणातच अडवलं. "उद्या थुंकी तपासायला द्यायची."

"काय झालंय मला?"

"तेच बघायचंय."

"खुळी हाईस काय? तंबाखूत किडं जगत न्हाईत. ढोरं तोंड लावत न्हाईत. एवढी वर्सं ती धूळ नाकातोंडात जातिया, माझ्यात कसला जंतू जगतोय?"

हे तिचं एकटीचं म्हणणं नव्हतं. वखारीतल्या सगळ्या बायका असंच मानतात. आपण आतून धुरावलेल्या आहोत, आपल्याला कीड लागत नाही. शिकवून हे जात नाही. मी शिकवायच्या भानगडीत पडले नाही.

"गेल्या पावसाळ्यात गोदामातल्या मालाला भुंगा लागला म्हणून मालक कुणाच्या नावानं ओरडत होता?"

"त्यो येगळा. त्यो जुना माल हुता."

"मग तूबी जुनाच माल हाईस."

ती हसली. हसता हसता खोकली, आणि मग खोकला थांबेचना. भिंतीला हात टेकून उभी राहिली, डोळ्यांच्या शिरा तटतटल्या. थांबल्यावर तोंड पुसून म्हणाली, "किती वाजता जायचं?"

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे. "केम्मु यष्टु दिनदिंद?" त्यांनी विचारलं. खोकला किती दिवसांपासून.

"सीझन चालू झाल्यापास्नं," आक्कानं मराठीत सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. हे उत्तर त्यांना त्या दिवशी बऱ्याच जणींनी दिलं असावं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "अम्मा, सीझनला नाही, तुम्हाला विचारतोय."

क्षय निघाला.

क्षयाचा जंतू मला शिकवायला आवडतो, कारण तो सोपा नाही. फुफ्फुसात गेला की शरीराची एक मोठी पेशी त्याला गिळते. बाकीचे जंतू तिच्या पोटात विरघळतात. याची साल मेणचट, हा विरघळत नाही, उलट तिथंच मुक्काम करतो. मारता येत नाही म्हटल्यावर शरीर त्याला कोंडतं. पेशींवर पेशी रचून भोवती भिंत घालतं. कितीतरी माणसांच्या फुफ्फुसांत अशी कोंडलेली जागा असते आणि त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. ती माणसं आजारी नसतात, दुसऱ्याला देतही नाहीत. भिंत धड आहे तोवर काही होत नाही. पण भिंत एकदा बांधली की झालं असं नसतं, तिच्यावर रोज हात फिरवावा लागतो. त्याला अन्न लागतं. आक्कानं नवरा गेल्यावर जेवण सोडलं तेव्हा तिला वाटलं ती फक्त स्वतःची भूक मारते आहे.

दवाखान्याच्या पायरीवर तिनं एकच प्रश्न विचारला. "पोराला?"

मी सांगितलं, तपासायला हवं. जंतू हातानं लागत नाही, भांड्यानं लागत नाही. खोकल्यातून, श्वासातून हवेत जातो.

 तिनं हात तोंडावर नेला आणि तसाच ठेवला. फुंकर आठवली असणार. मला तर डॉक्टरांच्या खोलीतच आठवली होती, पण ते बोलून काय साधणार होतं?

पोराला तपासलं. आजार नव्हता. तरी खबरदारी म्हणून काही महिने औषध दिलं गेलं, ते सुमननं एक दिवस न चुकवता पाजलं. तोंडावर कापड बांधून आक्का अंगणातल्या पाण्याच्या टाकीजवळ बसायची. तिचं जेवण मी वाढत होते, अंडं आणि शेंगदाण्याची चटणी समोर बसून खायला लावत होते, उपास बंद केले होते. "देवाला काय सांगू?" असं तिनं विचारलं. "माझं नाव सांग," मी म्हटलं. गोळ्यांनी लघवी केशरी होते हे मी आधी सांगायचं विसरले, तर ती न्हाणीतून किंचाळत बाहेर आली. गल्लीला पित्ताचा त्रास म्हणून सांगितलं. गल्लीनं ते मानलं, कारण पित्त प्रत्येकीला आहे.

औषध लागू पडलं की थोड्याच आठवड्यांत माणूस दुसऱ्याला आजार देण्यासारखा राहत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता पोराला घेतलंत तरी चालेल. आक्कानं नाही घेतलं. सहा महिन्यांचा कोर्स संपला, थुंकी साफ आली, छातीचा फोटो बरा आला, तिनं देवाला नारळ फोडला आणि मग नातवाला कडेवर घेऊन दुकानापर्यंत गेली. सगळं मार्गी लागलं असं आम्ही धरून चाललो. तोवर पोरगा पाटावर बसून तांब्याशी खेळत अंघोळ करून घेऊ लागला होता. त्याला पायावर घ्यायची वेळ टळून गेली होती, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

आज मी बाळाला कसंबसं न्हाऊ घालून सुमनकडं दिलं आणि परत मिरच्यांत येऊन बसले. इतक्यात सुमनची आतून हाक आली.

"मावशी! हिकडं या लवकर. दंडावर फोड आलीया हिच्या. पिकल्यागत दिसतिया."

मी उठायच्या आत आक्का उठली. धरलेले गुडघे कुठं गेले कुणास ठाऊक. धावत दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबली. पदर तोंडावर.

"माझंच लागलं," ती म्हणाली.

"काय तुझं लागलं?"

"माझ्या अंगातलं. जाईत नसतंय ते. मी म्हणत हुते न्हवं."

"तू हात तरी लावलास का तिला?"

"हात कशाला लागतोय? तूच सांगितलंस, श्वासातनं जातंय. एकाच घरात श्वास घेतिया की मी."

सुमन बाळाला मांडीवर घेऊन सासूकडं बघत राहिली. ती आक्काला आत्ती म्हणते. "आत्ती, तुमी म्हून हात लावत न्हाईसा हिला?"

"मग? आनि कशापायी?"

 सुमन हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं... पोरगी झाली..."

"कोण बोललं? ती नळावरची?" आक्काच्या तोंडावरचा पदर खाली आला. "तिच्या तोंडचं घिऊन बसलीस व्हय तू? मला इचारायचं न्हाईस? जा सांग तिला, माझ्या घरात पोरगी पोरापरीस दोन तांबं जास्त पाण्यानं न्हाती म्हणावं!"

"कुठं न्हाती? आंघुळ तर मावशी घालत्यात, निम्मं अंग कोरडंच ऱ्हातंय."

हे माझ्यासमोर. मी ते सोडून दिलं आणि बाळाचा दंड बघितला. डावा दंड, वरच्या बाजूला, मसुराएवढा लाल फुगवटा, टोकाला पांढरट. जन्मल्यावर दवाखान्यात टोचलं होतं बरोबर तिथंच.

मी पोलक्याची बाही वर सारली. "हे बघा." माझ्या दंडावर जुना, चपटा, सुरकुतलेला वण. "सुमन, तुझी वर कर." तिच्याही. "आक्का, तुझी." ती तयार होईना, मग मीच वर केली. तिचा वण ताणून मोठा झाला होता, पण होता. शेजारची त्या वेळी भिंतीवरून डोकावली असती तर तीन बायका दंड उघडे टाकून उंबऱ्यावर काय करतात, याचा अर्थ तिनं आणखी निराळा काढला असता.

"ही क्षयाची लस लागू पडल्याची खूण आहे. दुबळा करून ठेवलेला जंतू टोचलेला असतो. शरीर त्याला ओळखून घेतंय, म्हणून फुगलंय. पिकेल, फुटेल, खपली धरेल, वण राहील. दाबायचं नाही, शेकायचं नाही, हळद लावायची नाही."

"हळदबी न्हाय?"

"काही नाही."

आक्का स्वतःच्या दंडावरच्या वणाकडं बघत होती. "मलाबी टोचलं हुतं म्हण की. मग मला कसा झाला?"

प्रश्न बरोबर होता. वर्गात इतका बरोबर प्रश्न क्वचित येतो. "ही लस लहान पोरांना जड दुखण्यापासून सांभाळते. पुढं म्हातारपणापर्यंत पुरेल याची हमी देत नाही."

"म्हातारी कुणाला म्हणतीस?"

"तुला. आणि तू बरी झालीस. थुंकी साफ, फोटो साफ, वजन माझ्यापेक्षा जास्त. तुझ्या श्वासात आता मिरचीशिवाय काही नाही. परत खोकला लागला तर परत तपासू. एवढंच आहे."

"कळलं," ती म्हणाली.

सुमननं बाळ पुढं केलं. आक्कानं बघितलं, बोटाची पाठ त्याच्या पायाच्या तळव्याला क्षणभर टेकवली आणि "मिरच्यांचं हात हायती माझं" म्हणून परत अंगणात गेली. कारण खरं होतं, म्हणून बोलता येईना. संध्याकाळी हात स्वच्छ होते, तेव्हा दिवाबत्ती आठवली. त्यानंतर भाकरी.

तिला सगळं कळलं आहे यात शंका नाही. कळण्यानं जेवढं व्हायचं तेवढं झालंय. सुमनच्या मनातला काटा निघाला, ती आज सासूच्या ताटात स्वतःहून तूप वाढत होती. पण आक्काच्या डोळ्यांपुढं ती तीन वर्षांपूर्वीची सकाळ आहे, पोराच्या नाकावर घातलेली फुंकर आहे, आणि तिथं माझा धडा पोचत नाही. शरीराला तरी कुठं सांगून कळतं? ते शिकतं ते गाठ पडल्यावर. थोडंसं, पेलवेल एवढंच समोर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. बाजूला व्हायचं हे महत्त्वाचं. टोचणारी नर्स काही दंड धरून बसत नाही. मी गेला सव्वा महिना रोज पाटावर बसते, म्हणून आक्काला अंगणात बसता येतं, हे मला आज भाकऱ्या थापताना लक्षात आलं.

१० मार्च, सोमवार. सकाळी उठून मी बंब पेटवला. बाळाच्या अंघोळीचं सगळं मांडलं. पाट, तेलाची वाटी, डाळीचं पीठ, उन्हात तापवलेलं फडकं. बादलीत कढत पाणी ओतलं, विसण घातलं नाही. मग साडी बदलली, पर्स घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

"मावशी, कुठं?" सुमन बाळाला घेऊन न्हाणीच्या दारात.

"जादा तास आहे. दहावीचा."

"त्यो मंगळवारी असतोय न्हवं?"

"आज पण आहे."

आक्का पायरीवर चहा पीत होती. तिनं कपावरून माझ्याकडं बघितलं. तिला मी लहानपणापासून थापा मारत आले आहे, तिला ओळखू येतात. "आनि हिची आंघुळ?"

"बघा तुम्ही दोघी. नाहीतर उद्या घालू."

"उद्या? आन् आज बिनआंघुळीची ठेवायची व्हय पोरगी?"

 फाटकाशी पोचले तेव्हा आत बाळ रडायला लागलं होतं. सुमन म्हणाली, "आत्ती, मला पायावर धरायला जमत न्हाय वो, निसटतीया." कप पायरीवर ठेवल्याचा आवाज आला.  मी कडीवर हात ठेवून उभी राहिले.

"अगं थांब, थांब! वतू नकोस! ह्ये पानी हाय का आधण? इसण न्हाय घातलं व्हय त्या बाईनं? शाळा शिकवतिया म्हणं! गार पानी आण आदी. आन् पाट हिकडं सार. सरक तू. दे हिकडं."

मी कडी लावली आणि चालायला लागले. शाळा उघडायला दीड तास होता. स्टँडजवळच्या हॉटेलात बसून चहा घेतला, मग दुसराही मागवला.